बांधणं थांबलं, गोळ्या वाढल्या : एका वृद्धाश्रमातल्या स्मृतिभ्रंश-सेवेचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाचं आहे. गाव, ट्रस्ट आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

आश्रम चालवणारा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला. ४२ खाटा, घटनेच्या वेळी ३८ रहिवासी. दोन मोठे हॉल, तीन छोट्या खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि आंब्याची तीन झाडं. २४ जण महिन्याला नऊ ते बारा हजार भरत, बाकीचे मोफत. दिवसा पाच मावश्या, रात्री एक मावशी आणि फाटकावर वॉचमन.

प्रवेशाच्या फॉर्मवर 'रक्तदाब', 'मधुमेह' असे रकाने होते, स्मृतिभ्रंशाचा नव्हता. प्रत्यक्षात ३८ पैकी ११ जणांना वेळ, जागा, माणसं ओळखण्यात ठळक अडचण होती आणि त्यातल्या फक्त चौघांकडे निदानाचा कागद होता. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासात आहे. वृद्धाश्रमात हे प्रमाण बरंच जास्त असणार हे उघड आहे, कारण घरी सांभाळणं झेपेनासं झालं की माणूस तिथे येतो. तरी बहुतेक आश्रम 'आम्ही फक्त धडधाकट ज्येष्ठ घेतो' असं छापील नियमात लिहितात. माणूस धडधाकट येतो आणि चार-पाच वर्षांत बदलतो. नियमावली मात्र बदलत नाही.

घटना

निवृत्त शिक्षिका, वय ७४. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. अल्झायमरचा मधला टप्पा. रोज साडेचारच्या सुमाराला उठायच्या, उशाची पिशवी काखेत मारायच्या आणि फाटकाकडे निघायच्या. शाळा सुटायची वेळ. अडवलं की आवाज चढायचा, एकदा त्यांनी वॉचमनच्या हातावर छडीसारखी छत्री मारली. संध्याकाळभर येरझाऱ्या, रात्री दोन-तीनदा उठणं. म्हणून रात्री नऊनंतर त्यांचे दोन्ही हात जुन्या साडीच्या पट्ट्यांनी कॉटच्या कडेला बांधले जात. पट्टी मऊ असते, वळ उठत नाहीत, असा मावश्यांचा समज होता.

कॉट लोखंडी, दोन फूट उंच, त्यावर कठडा म्हणून वेल्डिंग केलेला पाइप. एका रात्री बाईंनी उजवा हात सोडवला आणि डावा बांधलेला असतानाच पाइपवरून पाय टाकला. नुसत्या कॉटवरून पडल्या असत्या तर दोन फुटांवरून पडल्या असत्या. कठड्यावरून पडल्या त्या साडेतीन फुटांवरून. रात्रपाळीची मावशी दुसऱ्या हॉलमध्ये जुलाब लागलेल्या आजोबांना साफ करत होती. पहाटे पाचला चहाच्या वेळी बाई सापडल्या. खुबा मोडला होता, डाव्या मनगटावर जखम होती.

शस्त्रक्रियेनंतर त्यांना तीव्र भ्रम झाला. मुलगी पुण्याहून आली, मनगटाचे फोटो काढले आणि तक्रार करायला निघाली.

अडचण नेमकी काय होती

तक्रार कुठे करायची, इथपासूनच अडचण सुरू झाली. पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली. प्रांत कार्यालयातलं न्यायाधिकरण आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, २००७ खाली पोटगीचे अर्ज ऐकतं. मुलीचा अर्ज पोटगीचा नव्हता. समाजकल्याण कार्यालयाचं उत्तर होतं, हा अनुदानित आश्रम नाही. जिल्हा रुग्णालय म्हणालं, हे रुग्णालय नाही. चारही उत्तरं आपापल्या जागी बरोबर होती. त्यामुळे आश्रमात आत जाऊन पाहायचं काम कोणाच्याच टेबलावर नव्हतं.

मुलीला वाट सापडली ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २०१६ च्या विधी सेवा योजनेखाली प्राधिकरणाला सगळ्या खात्यांना एका टेबलावर बोलावता येतं. त्या बैठकीत सचिवांनी ट्रस्टच्या कार्यवाहांना विचारलं, "बाहेरचं माणूस शेवटचं कधी आत येऊन बघून गेलं?" कार्यवाहांनी आठवून सांगितलं, "ऑडिटर. एप्रिलमध्ये." ऑडिटरने किराण्याची बिलं पाहिली होती, खाटा नाही.

कायदा नव्हता असं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधली मानसिक आजाराची व्याख्या विचार, भावना यांच्याबरोबर दिशा-काळाचं भान आणि स्मृती यांतला गंभीर बिघाडही धरते. म्हणजे मध्यम आणि तीव्र स्मृतिभ्रंश तिच्यात बसतो. अशा व्यक्तींना ठेवून सेवा देणारी जागा नातेवाइकांचं घर नसेल, तर ती मानसिक आरोग्य आस्थापना ठरू शकते आणि कलम ६५ प्रमाणे तिला नोंदणी लागते. कलम ९७ तर थेट बांधण्याबद्दलच आहे : तात्काळ इजा टाळायचा दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने, आवश्यक तेवढाच वेळ, नोंद ठेवून. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवायचं आणि दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल द्यायचा. 'कर्मचारी कमी आहेत' एवढ्याच कारणाने बांधता येणार नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. या आश्रमात बांधण्याचं खरं कारण नेमकं तेच होतं.

कोणते पर्याय होते

बाईंच्या न्यू जर्सीतल्या मुलाचं फोनवर एकच म्हणणं होतं, आश्रम बंद करा. मुलीला ते नको होतं. बंद झाला तर स्मृतिभ्रंशाचे बाकीचे दहा जण कुठे जाणार, आणि महिन्याने दवाखान्यातून सुटल्यावर आई कुठे जाणार? सगळ्या प्रक्रियेत हा प्रश्न सगळ्यात आधी तिनेच विचारला. पुढचं बरंच काही त्यावरून ठरलं.

बंद करायचं ठरलं असतं तर राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी, म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी यांपैकी एकाकडे पाठवण्याचा विचार करावा लागला असता. स्मृतिभ्रंश झालेल्या ऐंशीच्या माणसाला तीव्र मनोविकाराच्या वॉर्डात टाकून काही साधत नाही, आणि अकराही कुटुंबांनी नकार दिला.

दुसरा पर्याय होता अख्ख्या आश्रमाची आस्थापना म्हणून नोंदणी. कागदोपत्री सगळ्यात बिनतोड. अर्ज केल्यावर तात्पुरतं प्रमाणपत्र दहा दिवसांत, बारा महिन्यांसाठी. पण मग प्रत्येक प्रवेशाची पद्धत बदलते. स्वतः संमती देऊ न शकणाऱ्याला कलम ८९ खाली घ्यायचं तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक व्यावसायिक यांनी वेगवेगळी तपासणी करायची. हा प्रवेश ३० दिवसांचा. पुढे कलम ९० : ९० दिवस, मग १२०, मग १८०, दर वेळी मंडळाच्या परवानगीने. कलमं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जबरदस्तीने डांबलेला माणूस होता, आणि त्याच्यासाठी ती योग्यच आहेत. मरेपर्यंत तिथेच राहणाऱ्या आजींना ती अडचणीची होतात. शिवाय उरलेल्या २७ जणांना कुठलाच मानसिक आजार नव्हता, आणि फाटकावर तशी पाटी लावायला विश्वस्त तयार नव्हते. गावात लोक काय म्हणतील ते वेगळं सांगायला नको.

तिसरा पर्याय म्हणजे मागच्या बाजूला १२ खाटांचा वेगळा विभाग करून फक्त त्याची नोंदणी. आणि चौथा म्हणजे नोंदणी न करता प्राधिकरणापुढे लेखी हमी : बांधण्याची नोंदवही, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाची महिन्यातून एक भेट, सहा महिन्यांनी आढावा.

निवड चौथ्याची झाली. सहा महिन्यांत तिसऱ्याचा अर्ज करायचा, अशी अट घालून. हमीला कायद्याचे दात नसतात, हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. पण नोंदणीची वाट बघत बसलो तर त्या रात्रीही कोणीतरी बांधलेलंच राहणार होतं. हा निर्णय बरोबरच होता. तारीख मात्र ढिली ठेवली, त्याबद्दल पुढे.

अकरापैकी दोघांची कुटुंबं घरी न्यायला तयार होती, कोणी शिकवलं तर. गोव्यात असा प्रयोग झालाय : २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थानिक बायकांना गृहसेवा सल्लागार म्हणून तयार केलं, चाचणीतल्या ८१ पैकी ४१ कुटुंबांबरोबर त्यांनी सहा महिने काम केलं, आणि सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, ओझं हलकं वाटू लागलं. रुग्णाच्या वागण्यात ठळक फरक पडला नाही, हेही त्या निष्कर्षात आहे. ते कुटुंबांना आधीच सांगितलं. दोघं घरी गेले, एक पाच महिन्यांनी परत आले.

काय केलं

पहिल्या आठवड्यात पथक आलं : मानसोपचारतज्ज्ञ, सामाजिक कार्यकर्ती, परिचारिका. शाळा न शिकलेल्यांनाही चालेल अशी स्मृतिचाचणी, रक्त (हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, क्रिएटिनिन, थायरॉइड, बी-१२), कान आणि डोळे. एका आजोबांचं विस्मरण बी-१२ भरल्यावर बऱ्यापैकी निवळलं. एका आजींच्या दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. त्यांना सांगितलेलं पोचतच नव्हतं आणि कागदावर 'सहकार्य करत नाही' अशी नोंद होती. तिसऱ्या एका रहिवाशाला पूर्वीच्या उपचारातली हात थरथरण्यावरची गोळी तीन वर्षं तशीच चालू होती. ती स्मृती आणखी धूसर करते. अकरापैकी तिघांच्या बाबतीत, म्हणजे, आजार होता त्याहून जास्त दिसत होता.

मग नोंदवही. साधी दोनशे पानी वही, पाच रकाने : बांधलं कधी, सोडलं कधी, कोणी, कशासाठी, आणि पाचवा, 'त्याआधी काय करून पाहिलं'. पहिल्या दोन आठवड्यांत ३१ नोंदी झाल्या. पाचवा रकाना ३१ वेळा कोरा. मावश्यांना दटावण्याऐवजी परिचारिकेने भिंतीवर एक कागद लावला. कोणी चिडलं, उठलं, ओरडलं की आधी बघायचं : दुखतंय का, लघवी-शौचाला लागलंय का, भूक-तहान, थंडी-उकाडा, चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर आहे का. यातलं 'दुखतंय का' सगळ्यात जास्त वेळा खरं निघालं. गुडघा दुखतो हे सांगता न येणारा माणूस उठून चालायला लागतो किंवा हात झटकतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं नियमित पॅरासिटामॉल सुरू झाल्यावर दोघांची रात्रीची ओरड थांबली.

खाटांचे पाय कापले. गुडघ्याच्या उंचीला, सुमारे १६ इंचांवर आणले, कठड्याचे पाइप काढले, आणि पडण्याची जास्त शक्यता असलेल्या चौघांच्या बाजूला जमिनीवर एकेक गादी टाकली. गावातल्या वेल्डरने दोन दिवसांत केलं. शौचालयाच्या दाराला पिवळा रंग, वर तांब्याचं चित्र, आतली कडी काढून टाकली. रात्री एक आणि चार वाजता उठवून नेण्याची पाळी लावली, कारण रात्री उठणाऱ्यांपैकी बहुतेक जण शौचालयच शोधत असायचे. पाय अडकतो म्हणून रात्री साडीऐवजी गाऊन, घसरत्या स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेल्या चपला.

आंघोळीची वेळ बदलली, हे वाचायला किरकोळ वाटेल. पूर्वी पहाटे साडेपाचला रांगेने आंघोळी, कारण सातला पाळी बदलायची आणि जाणाऱ्या मावशीने काम संपवून जायचं अशी पद्धत. थंडीत अंधारात अनोळखी हात कपडे काढतोय असं वाटल्यावर कोण ओरडणार नाही? दहा ते बारा अशी वेळ केली. स्टुलावर बसवून, तांब्या त्यांच्याच हातात द्यायचा, आधी पायांवर पाणी, डोकं वेगळ्या दिवशी. नोंदवहीतल्या मारामारीच्या नोंदी सगळ्यात जास्त याच एका बदलाने घटल्या.

बाई पाच आठवड्यांनी वॉकर घेऊन परत आल्या. साडेचारला पुन्हा पिशवी. या वेळी मावशी आडव्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, घंटा व्हायला अवकाश आहे. तेवढे पेपर तपासून होतील का?" टेबलावर जवळच्या शाळेतून आणलेल्या जुन्या उत्तरपत्रिका आणि लाल पेन. बाई तपासायच्या. कधी बरोबर उत्तरालाही फुली असायची, त्याला कोणाची हरकत नव्हती. मग मावशीबरोबर फाटकापर्यंत एक फेरी, वॉचमनने "नमस्कार बाई" म्हणायचं, आणि परत. वीस मिनिटांचं काम. पण ती वीस मिनिटं देणारं माणूस लागतं, आणि संध्याकाळी पाच ते नऊ ही वेळ प्रत्येक आश्रमात सगळ्यात ओढाताणीची असते : दिवे लागतात, स्वयंपाक सुरू असतो, पाळी बदलत असते.

म्हणून दोन जास्तीच्या मावश्या : एक रात्री, एक संध्याकाळी. महिन्याचा खर्च सुमारे २४ हजार. भरणाऱ्या २४ जणांची फी ६०० रुपयांनी वाढवून १४,४०० जमले. उरलेल्या ९,६०० साठी ट्रस्टने देणगीदारांना विचारलं. वडिलांच्या श्राद्धाला गोडाचं जेवण द्यायला यादीत तीन महिने आधी नंबर लावावा लागतो. मावश्यांच्या पगाराला मात्र एकही नाव येईना. शेवटी एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने वर्षभराचं कबूल केलं.

तिसऱ्या महिन्यात काय उलटलं

तिसऱ्या महिन्यात नोंदवहीत तीन नोंदी होत्या. पथकाने शाबासकी दिली, प्राधिकरणाच्या फाइलमध्ये 'लक्षणीय सुधारणा' असा शेरा पडला. सामाजिक कार्यकर्तीला वेगळंच दिसत होतं. दुपारी तीन वाजता हॉलमध्ये सात जण गाढ झोपलेले. आठवड्यात सकाळच्या दोन पडझडी. एका आजींना जेवताना ठसका लागून न्यूमोनिया झाला.

तिने औषधाच्या दुकानाची बिलं मागितली. अल्प्राझोलाम ही झोपेची-शांततेची गोळी 'एच-१' या कडक नोंदीच्या यादीतली आहे, दुकानदाराला डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून तीन वर्षं ठेवावी लागते. त्यामुळे आकडा लगेच मिळाला : पहिल्या महिन्यात ६० गोळ्या, तिसऱ्या महिन्यात १७०. औषधांच्या तक्त्यावर सात जणांच्या नावापुढे एकच ओळ होती, 'अस्वस्थ असल्यास रात्री एक'. अस्वस्थ कशाला म्हणायचं हे लिहिलेलं नव्हतं. किती दिवस, हेही नव्हतं. नव्या रात्रपाळीच्या मावशीला कोणी शिकवलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की बांधलं तर वहीत लिहावं लागतं आणि साहेब विचारतात. गोळी दिली तर कोणी विचारत नाही.

यात मावशीला दोष देणं सोपं आहे, पण वही ज्यांनी आखली त्यांनी फक्त दोरी मोजली होती.

हेच फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झालेलं आहे, आणि राज्याचं धोरण आखणाऱ्याने ते मुळातून वाचावं असं आहे. तिथल्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिल्या जाणाऱ्या नव्या पिढीच्या मनोविकारविरोधी औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. दहा आठवड्यांच्या चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ४.५ टक्के, न घेणाऱ्यांत २.६ टक्के होतं. तरीही २०११ च्या अखेरीस तिथल्या नर्सिंग होममधल्या दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी २३.९ टक्के लोकांना ही औषधं चालू होती. मार्च २०१२ मध्ये केंद्रीय आरोग्य विमा यंत्रणेने राष्ट्रीय मोहीम सुरू केली, प्रत्येक होमचा आकडा जाहीर केला, आणि काही वर्षांत प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आलं. पण स्किझोफ्रेनियाचे रुग्ण त्या मोजणीतून वगळलेले होते. हळूहळू नर्सिंग होममध्ये स्किझोफ्रेनियाची निदानं वाढू लागली, तीही अशा वयात, ज्या वयात हा आजार नव्याने क्वचितच सुरू होतो. मोजणीत नसलेली फिट्सवरची औषधंही शांत करण्यासाठी जास्त दिली जाऊ लागली. जानेवारी २०२३ मध्ये यंत्रणेला या निदानांचीच तपासणी जाहीर करावी लागली. आपल्याकडे संगणक नव्हता आणि एकच वही होती, एवढाच फरक.

दुरुस्ती अशी केली. वहीत समोरासमोरचं दुसरं पान : रोज किती झोपेच्या-शांततेच्या गोळ्या दिल्या, किती जण पडले, दुपारी तीनला किती जण झोपलेले, आणि महिन्याला वजन. 'अस्वस्थ असल्यास' ही ओळ रद्द. जास्तीची गोळी द्यायची तर डॉक्टरांना फोन, वेळ लिहायची, आणि कुठलाही आदेश सात दिवसांनी आपोआप संपणार. स्ट्रिपा कुलपात, मोजणी दोघांनी मिळून. चालू गोळ्या एकदम बंद केल्या नाहीत. अशा औषधाची सवय झालेल्या माणसाला ते अचानक तोडलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. मानसोपचारतज्ज्ञांनी दर दोन आठवड्यांनी साधारण पाव भाग असं कमी करत आणलं. दोघांची झोप मधल्या काळात पार बिघडली, त्यांच्यासाठी आणखी हळू जावं लागलं.

निष्पत्ती

सहाव्या महिन्यात बांधण्याची एक नोंद होती. सलाइन काढून टाकणाऱ्या आजोबांचा हात वीस मिनिटं धरून, मग बांधून ठेवला होता, पाचवा रकाना भरलेला. अल्प्राझोलाम २२ गोळ्या. जवळजवळ सगळ्यांचं वजन स्थिर किंवा थोडं वाढलेलं, कारण जागा माणूस जेवतो.

पडणं मात्र लगेच घटलं नाही. आधी महिन्याला तीन, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पाच, सहाव्यात पुन्हा तीन. मोकळा माणूस चालतो आणि चालणारा पडतो. खाटा खाली आल्यामुळे या काळात एकही हाड मोडलं नाही, पण नातेवाइकांना फोनवर "आज पुन्हा पडल्या" हे ऐकावं लागलं. एका मुलाने सरळ सांगितलं, "बांधा, मी सही करून देतो." आश्रमाने नकार दिला. नातेवाइकाच्या सहीने बांधण्याची परवानगी मिळते, असं कलम ९७ मध्ये कुठेही नाही. त्याने वडिलांना दुसऱ्या आश्रमात हलवलं. तिथे काय चालतं, हे कोणी पाहायला जात नाही.

१२ खाटांच्या विभागाचा अर्ज नवव्या महिन्यात गेला, तोही त्रुटी निघून परत आला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी वही दोन पानांची हवी होती. बांधणं बंद केलं की दाब औषधांकडे वळतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना माहीत असतं. घाईत विसरलं गेलं. तीन महिने आणि एक न्यूमोनिया, एवढी त्याची किंमत पडली.

'सहा महिन्यांत अर्ज करू' याऐवजी 'अमुक तारखेपर्यंत अर्ज केला नाही तर नवा प्रवेश बंद' असं लिहायला हवं होतं. प्रवेश बंद होण्याची भीती विश्वस्तांना पाटीच्या भीतीपेक्षा जास्त असते.

नामनिर्देशित प्रतिनिधीचा प्रश्न फार उशिरा हाताळला. बाईंचा मुलगा आणि मुलगी यांचं मत शेवटपर्यंत जुळलं नाही, आणि कोणाचं चालणार हे ठरवायला कागद नव्हता. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे असा प्रतिनिधी साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो. ना स्टॅम्प, ना वकील. पण नेमताना त्या माणसाला आपण काय करतोय हे कळत असायला हवं. निदान झाल्या झाल्या, सौम्य टप्प्यातच, डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीबरोबर हे सांगायला हवं. बाईंच्या बाबतीत चार वर्षांपूर्वी दहा मिनिटांत झालं असतं.

राज्याच्या पातळीवर मूळ भोक वेगळं आहे. २००७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये दर्जाचे नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे, पण राज्याने उभारलेल्या वृद्धाश्रमांपुरता. खासगी आणि ट्रस्टच्या आश्रमांना नोंदणी आणि किमान दर्जा लागू करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, ते कायदा होऊ शकलं नाही. केरळने २०१४ पासून 'स्मृतिपथम' नावाने स्वतंत्र राज्य उपक्रम चालवला, त्यात पूर्णवेळ निवासी केंद्र आणि दिवसा सांभाळणारं केंद्र असे दोन्ही प्रकार आहेत. महाराष्ट्राने तसंच करावं असं नाही. इथली गरज त्याहून लहान आणि कंटाळवाणी आहे : मानसिक आरोग्य आस्थापना आणि साधा वृद्धाश्रम यांच्या मधली एक नोंदणीची पायरी, जिच्यात दरवेळी १८० दिवसांचा अर्ज नाही पण रात्री किती माणसं हजर, किती बांधले, किती गोळ्या गेल्या आणि किती पडले हे चार आकडे दरमहा एका ठरलेल्या कार्यालयात जातात, आणि वर्षातून दोनदा कोणीतरी न सांगता रात्री आठ वाजता येऊन बघतं. सकाळी अकराची तपासणी या कामाला निरुपयोगी आहे. सकाळी अकराला सगळेच आश्रम चांगले असतात.

सध्या अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवण्याचं काम चालू आहे. संध्याकाळच्या मावशीच्या पगाराची देणगी मार्चअखेर संपते. एप्रिलच्या पाळीच्या तक्त्यावर पाच ते नऊच्या रकान्यात अजून नाव लिहिलेलं नाही.